खरी का शाळेची?

त्यांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही. जन्मतारीख विचारली.

मी लातूरच्या त्या ऑफिसात नवा होतो. ऑफिस म्हणजे डाळीच्या आडत दुकानावरच्या दोन खोल्या. खाली पोती उतरायला लागली की वर आमच्या कीबोर्डवर तुरीची धूळ बसायची. आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. मुलांची नोंदवही, दाखले, निर्गम उतारे, असलं सगळं. मालकांनी मला सगळ्यांशी ओळख करून द्यायला फिरवलं आणि कोपऱ्यातल्या एका जाडजूड जुन्या कॉम्प्युटरपाशी आणून सोडलं. त्याच्यामागून आवाज आला.

"जन्मतारीख?"

"एक जून," मी म्हणालो.

"खरी का शाळेची?"

आमच्या भागात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पोराला पहिल्यांदा शाळेत नेलं की गुरुजी तारीख विचारायचे, आईबाप एकमेकांकडं बघायचे, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. जूनमध्ये शाळा उघडते, वयाचं गणित सोपं जातं. माझ्या वर्गात एकवीस पोरं एकाच दिवशी जन्मलेली होती. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, बैल धुऊन झाले होते तेव्हा तू झालास. बैल पोळ्याला धुतात, एवढं कळलं. पण कोणत्या सालच्या पोळ्याला, यावर तिचं आणि आत्याचं आजतागायत एकमत नाही.

"एकच आहे," मी जरा तोऱ्यात म्हणालो. इंजिनिअर होऊन आलो होतो, असले प्रश्न मला नको होते.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाईप करायला लागल्या.

सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्या कुणाच्या शिक्षिका नव्हत्या. तेवीस वर्षं एका शाळेत क्लार्क होत्या आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन आमच्याकडं आल्या होत्या. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटायचं, म्हणून बाई. पुढं आठवड्याभरानं कळलं की त्या आमच्याच गावच्या, मुखेड तालुक्यातल्या. मी जन्मलो त्याच्या आधीच लग्न होऊन लातूरला आलेल्या. त्यांचं घर आमच्या गावातल्या बौद्धवाड्यात पहिलंच, वेशीकडून येताना. आमचं घर पाटलांचं. हे कळल्यावर मी थोडा अवघडलो. बाई अवघडल्या नाहीत. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

बाईंचं काम होतं आम्ही बनवलेलं तपासणं. आम्हा पोरांचे लॅपटॉप चकचकीत, त्यांत लिनक्स. शाळांमधले कॉम्प्युटर म्हणजे कुणीतरी देणगी दिलेले, धुळकट, आणि सगळे विंडोजवाले. ऑफिसात तसलं एकच मशीन होतं आणि त्यावर बाई बसायच्या. आम्ही म्हणायचो, "बाई, माझ्याकडं बरोबर चालतंय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

"तुझं मशीन बंगल्यात ऱ्हातं लेका. माझं शाळंत जातं."

तपासताना त्या नेहमी एक नंबरच्या नोंदीपासून सुरू करायच्या. आपण बदल केलेला असायचा दाखल्याच्या शेवटच्या ओळीत, पण बाई एकपासून. मधूनच घ्या म्हटलं की चष्मा काढून ठेवायच्या, म्हणजे चर्चा संपली. क्लार्क असताना त्यांनी एकदा घाईत एक रजिस्टर मधूनच उतरवायला घेतलं होतं. एक ओळ सुटली, आणि पुढच्या सगळ्या पोरांना शेजारच्याची तारीख गेली. लक्षात येईपर्यंत दोघांचे दाखले बाहेर पडले होते. ही गोष्ट त्यांनी स्वतः मला सांगितली, चार वेळा, आणि चारही वेळा त्या दोन पोरांची नावं सांगितली.

एक जूनला आमच्या ऑफिसात केक यायचा. सातांपैकी चार जणांचा वाढदिवस, त्यांत मालकही. बाई केकला हात लावायच्या नाहीत. "शाळेचा हाय त्यो," म्हणायच्या. "गुरुजींना न्हेऊन द्या." मात्र वर्षात कधीतरी, मधल्याच एखाद्या दिवशी, त्या कुणाच्या तरी टेबलावर काहीतरी ठेवायच्या. कुणाला पेरू, कुणाला भाजलेल्या शेंगा. माझ्या वाट्याला धपाटे यायचे, घट्ट दही आणि शेंगदाण्याच्या चटणीसकट. पहिल्या वर्षी मला वाटलं बाईंचा उपवास आहे आणि डबा वाया जाऊ नये म्हणून दिला. दुसऱ्या वर्षी विचारलं, आज काय विशेष? त्या म्हणाल्या, "धपाटे हायत. आन् काय विशेष पायजे?" मी खाऊन डबा धुऊन दिला. बाईंच्या अशा गोष्टींचं वेळापत्रक काढायच्या भानगडीत आम्ही कुणी पडलो नाही.

तारखांच्या बाबतीत त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं माझ्या कॉलेजातल्या सगळ्या मास्तरांनी मिळून छळलं नसेल. सुरुवात शून्यापासून झाली. दाखल्यावर "०१ जून" असं छापून यायचं. बाईंना ते पटेना. "एक तारखेला आधी शून्य लावून कोण बोलतं? तू आईला सांगतोस का, शून्य एक तारखेला येतो म्हणून?" मी शून्य काढलं. प्रोग्रामला तारखेचा साचा द्यावा लागतो, त्यात एक बारकी खूण टाकली की शून्य जातं. माझ्याकडं गेलं. बाईंकडं तारखेची जागाच रिकामी झाली. विंडोजवर तीच खूण वेगळी असते, हे मला दोन दिवसांनी सापडलं. मग दोन्हीकडं चालेल असं लिहिलं. बाईंनी एकपासून तपासलं आणि म्हणाल्या, "आता माणसासारखं बोलून ऱ्हायलं." ही त्यांची शाबासकी. तिच्यापेक्षा मोठी शाबासकी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

शून्याचं प्रकरण निस्तरलं आणि खरं प्रकरण निघालं. बाईंनी एक दिवस नमुना म्हणून स्वतःचीच नोंद टाकली आणि मला हाक मारली. त्यांच्या नावापुढं जन्मतारखेची चौकट रिकामी. मी माझ्या लॅपटॉपवर तीच नोंद उघडली. तारीख व्यवस्थित. बाई उठून माझ्या टेबलाशी आल्या, पुन्हा आपल्या मशीनकडं गेल्या, पुन्हा आल्या.

"तुझ्याकडं मी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं मीच न्हाई."

कारण असं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात तारीख म्हणजे एक आकडा असतो. एकोणीसशे सत्तर सालच्या एक जानेवारीपासून किती सेकंद झाले, तो. त्याच्या आधी जन्मलेल्या माणसाचा आकडा उणे येतो. लिनक्सला उणे आकडा देऊन तारीख मागितली की मिळायची. विंडोजवर आम्ही ज्या वाटेनं मागत होतो ती वाट उणे आकडा घेत नव्हती, हात हलवत परत पाठवायची. हे लिहून ठेवलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. म्हणजे सत्तरच्या आधी जन्मलेला एकही माणूस आमच्या कृपेनं शाळेच्या कॉम्प्युटरवर जन्मलेलाच नव्हता.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि ते सांगायला मला आजही जड जातं. बाईंची डोळ्याची शस्त्रक्रिया होती, मोतीबिंदूची. त्या पंधरा दिवस सुट्टीवर गेल्या. इकडं शाळांची नव्या आवृत्तीसाठी घाई चाललेली. रिकामी चौकट गेली तर फोन येणार. मी विचार केला, तूर्त काहीतरी छापून जाऊ दे, बाई आल्या की नीट करू. नोंदीत वर्षाचा रकाना वेगळा होता, म्हणजे वर्ष हाताशी होतं. दिवस आणि महिना हवा होता. तारीख मिळाली नाही तर काय छापायचं, तिथं मी सवयीनं स्वतःची घातली. एक जून. पुढं शेरा लिहिला, "नंतर बदलणे." आणि बाईंनी न तपासलेली ती आवृत्ती शाळांना गेली. नंतर मी विसरलो.

पुढच्या ऑगस्टात, सकाळी साडेदहाला, बाईंनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. निर्गम उतारा होता, म्हणजे जुन्या नोंदवहीतल्या नोंदीची नक्कल, आमच्या गावच्या शाळेचा, आमच्याच सॉफ्टवेअरवर छापलेला. नाव त्यांच्या वडिलांचं. जन्मतारीख, एक जून.

"ह्यो एक जून कुणी घातला?"

मी बघितलं आणि मला सगळं आठवलं. खोटं बोलायला वेळ होता, पण बाईंच्या तोंडावर बोलवलं नाही. "मी," म्हणालो.

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. त्यांची भाची, म्हणजे भावाची मुलगी, लातूरलाच शिकवणीला होती. तिचा मेडिकलला नंबर लागला होता. जातपडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा उतारा लागतो, तो शाळेतून आणून जोडला. पडताळणीवाल्यांनी मूळ नोंदवही मागवून बघितली आणि नक्कल ठेवून परत पाठवली. वहीत तारीख वेगळी, उताऱ्यावर वेगळी. एवढ्यावर कागद संशयित ठरतो. उद्या संध्याकाळपर्यंत मूळ वहीशी जुळणारा उतारा दिला तर ठीक, नाहीतर प्रवेशाची मुदत संपणार. हातानं खाडाखोड केलेला कागद तिथं चालत नव्हता, आणि शाळेनं हातानं उतारे लिहून देणं बंद केलं होतं. का, तर आमचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून.

"साऱ्या रजिस्टरात आमच्या वाड्यातल्या एकाच्याच नावापुढं खरी तारीख व्हती," बाई म्हणाल्या. "तीबी गुरुजींनी न्हाई, तू एक जून केलीस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, तुमच्या वडिलांची नोंद आत्ता नीट करतो, दहा मिनिटांचं काम आहे. बाईंनी चष्मा काढून ठेवला. "एकट्या माझ्या बापाची करून कसं भागंल? जेवढ्यांची केलीस तेवढ्यांची कर." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, आणि मी सेकंदांशी झटापट करत असताना म्हणाल्या, "मला एक सांग. जन्मतारखंला शेकंद कशाला पायजे? बाळ झाल्यावर शेकंद कोण मोजतं? दिवस, म्हैना, साल. तीन खोके ठेव की."

एवढंच करायचं होतं. तीन आकडे तीन ठिकाणी ठेवायचे, जुन्या सेकंदांवरून ते आपणच एकदा मोजून काढायचे, आणि छापताना मशीनला काही विचारायचंच नाही. मग लिनक्स काय आणि विंडोज काय, दोन्हीकडं एकच उत्तर. नशीब एवढंच की आत साठवलेल्या तारखा शाबूत होत्या, बिघाड छापण्यातच होता. दिवस मावळेपर्यंत मी ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. शाळेच्या मशीनवर, शाळेच्या वहीशी ताडून बघितल्याशिवाय बाई छापू देणार नव्हत्या.

अहमदपूर गेल्यावर बाईंनी मला ती तारीख कुठून आली ते सांगितलं. त्यांचे आजोबा गावचे कोतवाल. गावात कुणाकडं पाळणा हलला, कुणाकडं कुणी गेलं, ही खबर पोलीस पाटलाला द्यायची आणि पाटलानं लिहिलेला कागद तालुक्याला पोचवायचा, हे त्यांचं काम. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना मुलगा झाला तेव्हाही ते तसेच गेले, पायरीच्या खाली उभे राहिले आणि खबर दिली. पाटलांनी लिहून घेतलं. आजोबा हलले नाहीत. म्हणाले, काय तारीख लिवली ती एकदा मोठ्यानं वाचा. पाटील चिडले, पण वाचली. आजोबांनी ती पुढं सात वर्षं तोंडपाठ ठेवली. पोराला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी सवयीनं एक जून लिहायला दौतीत टाक बुडवला, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या या माणसानं सांगितलं, न्हाई गुरुजी, अकरा नोव्हेंबर.

"कोणते पाटील?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"तुझे पणजोबा," बाई म्हणाल्या. "चिडले, पण वाचली त्यांनी. ते सांगायला पायजे." आणि त्यांनी मला पिशवीतून पेरू काढून दिला. आमच्या घरात त्या पायरीवर मी लहानपणी बसून गृहपाठ केलाय.

शाळेत पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी वही काढून ठेवली होती आणि वर्गातलं बाक ऑफिसात आणून टाकलं होतं. व्हरांड्यात, दाराला टेकून, बाईंचे वडील बसले होते. ते स्वतःही पुढं कोतवाल झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. पंचाहत्तरीच्या पुढचे, पांढरंशुभ्र धोतर, कान शाबूत. मी पाया पडायला वाकलो तर ते गडबडले.

मी नवी आवृत्ती टाकली. हेडमास्तर म्हणाले, "दोनशे चौदा नंबर आहे बाबांचा. काढा लगेच, म्हणजे पाचच्या गाडीनं सुखानं जाल." त्यानंतर लातूरला जायला गाडी नव्हती.

बाई म्हणाल्या, "एकपासून."

मी वहीतून नाव आणि तारीख वाचायचो, बाई पडद्यावर बघून मान हलवायच्या. दारातून म्हातारबाबांची साथ चालू. मी नाव घेतलं की ते म्हणायचे, "गेला त्यो." "ती देगलूरला दिली." "ह्यो पुण्याला ऱ्हातो, शेती इकली." आणि मी तारीख वाचली, "एक जून," की बाबा तिथून म्हणायचे, "शाळेची." नाव, एक जून, शाळेची. नाव, एक जून, शाळेची. हेडमास्तर आधी हसले, मग तेही बाकावर बसून ऐकायला लागले. त्यांच्या शाळेतलं सगळं गाव त्यांच्यासमोरून चाललं होतं.

एकशे एकाहत्तर नंबरला किराणा दुकानदाराच्या मुलीची नोंद आली. दुकानदार लिहिणारा माणूस, त्यामुळं तारीख खरी. एकोणतीस फेब्रुवारी. बाईंनी मान हलवली नाही.

"एक मार्च दिसून ऱ्हायलं."

जुन्या सेकंदांवरून मागं मोजत जाताना लीप वर्षाचा जादा दिवस मी चुकीच्या जागी धरला होता. फेब्रुवारीची शेवटची तारीख तेवढी घसरत होती, बाकी सगळं बरोबर होतं. घड्याळात दीड वाजला होता. मी म्हणालो, "बाई, बाबांच्या तारखेला याचा काही संबंध नाही. त्यांची छापून घेऊ, हे मी लातूरला जाऊन नीट करतो."

"नंतर बदलणे?" बाई म्हणाल्या. माझा तो शेरा त्यांनी वाचला होता.

मला राग आला. आवाज चढला माझा. "बाई, पोरीचं वर्ष जाईल."

"मला म्हाईत न्हाई का? माझी भाची हाय ती." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हिचंबी कुणीतरी येईल की उतारा न्यायला. तवा तू नसशील आन् मीबी नसंन. बस खाली. कर नीट."

मी बसलो. वीस मिनिटांत चूक सापडली. एकोणतीस फेब्रुवारी जागेवर आली. मी कपाळ पुसलं आणि म्हणालो, "चला, एकशे बाहत्तर."

बाईंनी वहीची पानं उलटी पलटली, पहिलं पान काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

"एकपासून."

मी पुन्हा पहिलं नाव वाचलं. मधे वीज गेली, पाऊण तासानं आली. त्या पाऊण तासात बाई बंद पडद्यासमोरून उठल्या नाहीत. भाचीचे दोन फोन आले. दोन्हीला त्यांनी एकच सांगितलं, "करून ऱ्हायलो." सव्वाचार वाजले तेव्हा आम्ही पुन्हा एकशे एकाहत्तरला होतो. या वेळी मान हलली.

दोनशे चौदा. मी नाव वाचलं. आणि तारीख वाचायच्या आधीच दारातून आवाज आला.

"अकरा नवंबर."

मी वहीत बघितलं. जुन्या शाईत, गुरुजींच्या तिरक्या अक्षरात, अकरा नोव्हेंबर. बाई पडद्याकडं बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही. चष्मा काढला आणि पदरानं पुसला, मग डोळे पुसले, आणि डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून सांगितलंय असं कुणी विचारलं नसताना म्हणाल्या. मी छापायचा हुकूम दिला. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर ढकलायला लागला. हेडमास्तरांनी शिक्का मारला आणि सही केली. बाबांनी कागद हातात घेऊन उजेडाकडं धरला, तारखेवर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "आमच्या बाची तारीख हाय ही. मी नुस्ता जलमलो. ध्यानात त्यानं ठिवली."

गाडीला दहा मिनिटं होती. मी लॅपटॉप पिशवीत भरत होतो तेव्हा बाबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू पाटलाच्या धाकट्याचा न्हवं? तुझी न्हाई का काढली?"

"माझी नीटच येते बाबा. मी सत्तरच्या पुढचा. एक जून."

"शाळेची," बाबा म्हणाले. आणि मग, दिवसभर दुसऱ्यांबद्दल बोलत होते त्याच सुरात, "तू नऊ सप्टंबरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, करीला, दिस मावळायच्या वक्ताला. मी तुज्या बापाला म्हणलो, पंचायतीत जाऊन लिवून ये. म्हणला, उद्या जातो. त्यो काय गेला न्हाई. मंग मीच माज्या वहीत लिवून ठिवलं."

एवढ्या वर्षांत मला माझा दिवस कुणी सांगितला नव्हता, आणि तो ज्यांनी जपला ते आमच्या घरी कधी पायरीच्या वर आले नव्हते. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. मी पुन्हा वाकलो. या वेळी ते गडबडले नाहीत, डोक्यावर हात ठेवला.

मग सप्टेंबर म्हटल्यावर मला धपाटे आठवले. मी बाईंकडं बघितलं. त्या वही कपाटात ठेवत होत्या, पाठमोऱ्या, आणि त्यांना ऐकू आलं नसेल असं मी समजलो.

गाडी मिळाली. आम्ही पोचेपर्यंत लातूरचं पडताळणी कार्यालय केव्हाच बंद झालेलं असणार, हे दिवसभर पाचच्या गाडीवरच डोळा ठेवलेल्या मला वाटेत जांब आलं तेव्हा लक्षात आलं, आणि मी घाबरून विचारलं. बाई म्हणाल्या, मुदत काल वाढली, उद्या सकाळी अकरापर्यंत. भाचीनं पहाटेच फोन करून सांगितलं होतं. "मग मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो. "सांगितलं असतं तर तू दुपारी जेवायला गेला असतास," त्या म्हणाल्या, आणि पिशवीला टेकून झोपल्या. सकाळी कागद दिला, वहीशी जुळला. ती पोरगी आता नांदेडला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाईही हल्ली नांदेडलाच असतात, मुलाकडं, आणि मी कुठल्याही नव्या आवृत्तीबद्दल फोन केला की आधी विचारतात, कुठून तपासलीस.

पण त्या वर्षी त्या अजून ऑफिसात होत्या. नऊ सप्टेंबरला मी मुद्दाम लवकर गेलो. टेबलावर डबा होता. वर झाकणाला दह्याची वाटी बांधलेली. बाई मशीनमागं, मान खाली.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणालो.

"तुझा बायोडाटा आला त्याच दिशी बाबांना फोन केला व्हता. आपल्या गावचा हाय म्हणून."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"मी इचारलं व्हतं. तूच म्हणलास, एकच हाय." त्यांनी टाईप करणं थांबवलं आणि पहिल्यांदाच मशीनच्या बाजूनं वाकून माझ्याकडं बघितलं. "जन्मतारीख?"

"नऊ सप्टेंबर."

"खरी का शाळेची?"

"खरी," मी म्हणालो.

"मग खा," बाई म्हणाल्या.